जांभळ्या मिरचीची दृष्ट

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, त्या काळी मी मोताळ्याला मास्तर होतो. तिथल्या बाजारात एक म्हातारा जांभळ्या, पिवळ्या, पांढुरक्या मिरच्या विकायला बसे. बी निवडून निवडून हे रंग त्यानेच जपलेले. एकेक मिरची धोतराला पुसून तो दागिन्यासारखी मांडी. पण त्या इतक्या जहाल, की भाजीत कोणी घालीना. बायका त्या पोरांची दृष्ट काढायला नेत. ओवाळलेली मिरची चुलीत जळताना ठसका लागला नाही, तर दृष्ट होती असं समजायचं. या मिरच्यांनी तर शेजारचं घरही खोकायचं. म्हणजे साऱ्या गावात दृष्ट लागलेलं पोर एकही नाही!

एकदा पाटलीणबाई तणतणत आल्या. "काऊन हो बाबा, तुमच्या मिरचीनं माह्या लेकराची नजर निंगूनच नाही राह्यली!"

"मिरची खरी हाय, बाई," म्हातारा म्हणाला. "नजर लागाले लेकरू बी तसं पाह्यजे ना."

बाई फणकाऱ्यानं गेल्या. मला हसू आवरेना.

"हासू नका, मास्तर," तो हळूच म्हणाला. "माह्या जांभळ्या झाडाईवरून बी मिरच्या ओवाळून पाह्यल्या म्या."

"मग?"

"खोकून खोकून जीव चालला हो. एकाची बी नजर नाही!"