फ्रेमच्या पोटातला आवाज

आमच्या ह्यांना सायकलवाले लोक कानसेन म्हणतात. हे गायला लागले तर शेजारी खिडक्या लावून घेतील, पण सायकलच्या फ्रेमला कान लावला की आत काय चाललंय ते बसल्या जागी सांगायचे. सांगायचे म्हणते, कारण गेल्या वर्षात त्यांनी कान लावणं सोडलं आणि येईल ती सायकल उघडायचा सपाटा लावला.

ही उघडण्याची भानगड काय ते आधी सांगते, नाहीतर माझा वैताग कळायचा नाही. पूर्वी रेसच्या सायकलींच्या केबल बाहेरून जायच्या. डोळ्यांना दिसायच्या, बोटानं चाचपता यायच्या, तुटली की बदलली, विषय संपला. हल्ली सगळं आत. ब्रेकची नळी हँडलात शिरते, तिथून बेअरिंगमधून खाली फ्रेमच्या पोटात उतरते आणि एकदम चाकापाशी तोंड काढते. सायकल दिसते मोठी देखणी. वाराही कमी अडतो म्हणे. पण एवढंसं बेअरिंग बदलायचं तर नळी सोडा, तिच्यातलं ब्रेकचं तेल काढा, हँडल उतरवा, आणि परत ओवताना नळी आत कुठेतरी दडून बसली की चुंबक फिरवत तिची मनधरणी करा. अर्धा दिवस त्यातच जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

आमचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. पंक्चर, ट्यूब आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, बाकी कारभार ह्यांच्याकडे. कुणी नुसती चेन साफ करायला आला तरी हे म्हणायचे, "ठेवून जा, हँडल उघडून बघतो." एक दातांचा डॉक्टर आमचा जुना गिऱ्हाईक. तो म्हणाला, "पूर्वी नुसता कान लावून सोडायचात, आता सरळ ऑपरेशनच?" हे हसले नाहीत. तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, नसतं लचांड कशाला मागे लावून घेता?" तर म्हणे, "आतलं दिसत नाही ना." त्यापुढे ताकास तूर लागू देतील तर शपथ.

सगळ्यात जास्त छळ लेकीच्या सायकलचा. आठवडाभर ऑफिसात मान मोडून बसायचं आणि सुटीच्या दिवशी डोंगर चढून पलीकडच्या उतारावरून सुसाट खाली यायचं, यात तिला काय सुख मिळतं देव जाणे. उताराचं नाव काढलं की मला नको ते दिसायला लागतं. मन चिंती ते वैरी न चिंती. ती परत येईपर्यंत मी चार वेळा ओटा पुसते, आणि हे दुकानाच्या दारात उभे. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हे आत हातातलं काम करता करताच म्हणायचे, "आली बघ." पाय मारायचे थांबवले की मागचं चाक टिकटिक करतं ना, ती टिकटिक ह्यांना गल्लीच्या कोपऱ्यावरून ऐकू यायची. मग बऱ्याच वेळानं मला. हल्ली मात्र रस्त्याकडे डोळे लावून उभे राहायचे. मी मनात म्हटलं, वय झालं, माणूस हळवा झाला.

लेकीच्या डोंगरातल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी ह्यांनी पुन्हा तिची सायकल स्टँडला लावली. लेक जेवण अर्धवट टाकून बाहेर आली.

"बाबा, आज हात लावायचा नाही. मागच्याच महिन्यात उघडली होतीस. काय सापडलं?"

"काही नाही सापडलं."

"मग? दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकतात. तुझं तर तोंडही पोळलं नाही कधी."

"हँडल वळवताना काही वाजतं का?"

"वारा वाजतो. आणि तुझी बडबड."

ह्यांनी सायकल स्टँडवरून काढून भिंतीला टेकवली, पान्हे जागेवर ठेवले आणि मागच्या अंगणात जाऊन बसले. लेक आत जाऊन झोपली. मला खरं तर बरं वाटलं, की कुणीतरी एकदाचं ह्यांना थांबवलं.

फरशीवर तेल सांडलं होतं ते पुसायला मी सायकल बाजूला घेतली. हँडल वळलं आणि आतून बारीकसा आवाज आला. बरणीचं झाकण फिरवताना खाली साखरेचा कण अडकावा, तसा. मी पुन्हा वळवलं. पुन्हा आला. डावीकडे नाही, उजवीकडेच.

"अहो, जरा इकडे या बरं," मी हाक मारली. आले नाहीत. जाऊन दंडाला धरून आणलं.

मी हँडल वळवलं. "हे काय वाजतंय?"

त्यांनी वाकून फ्रेमला कान लावला. आधी एक, मग दुसरा. "वळव," म्हणाले. मी वळवलं. आवाज बारीक पण स्पष्ट होता, मला उभ्या उभ्या ऐकू येईल इतका. ते म्हणाले, "वळव की."

"वळवतेय मी."

तेव्हा त्यांनी कान काढला आणि सायकलकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं. "आत्ता वाजलं?"

"वाजलं."

त्यांनी हँडल डावीकडे नेलं. "आणि आता?"

"आता नाही."

अंगणात हाक ऐकू गेली नव्हती. टीव्ही मोठा लावतात म्हणून मी रोज करवादत होते. दारात उभं राहणं, जी ती सायकल उघडणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी आपली हळवेपणा म्हणून सोडून दिलं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"कधीपासून?" मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"बारीक आवाज आधी गेले. माणसांचे येतात अजून, समोर असली तर." ते हात पुसत राहिले. "बहिऱ्या कानसेनाकडे सायकल कोण टाकेल? म्हटलं, ऐकू येत नाही तर उघडून बघू. डोळे आहेत अजून."

लेकीला मी उठवलं नाही. म्हटलं, "उघडा." ह्यांनी नळी सोडली, तेल काढलं, हँडल उतरवलं. मी दिवा धरून उभी. बेअरिंगच्या तोंडाशी मागच्या ब्रेकची नळी हँडलच्या दांडीच्या चुकीच्या बाजूनं गेली होती. उजवीकडे वळलं की ती बेअरिंगच्या कडेवर दाबली जायची आणि मधल्या फटीत वाळू होती. नळीची काळी साल घासून गेली होती. आतला थर पांढरा दिसत होता, तोही अर्धा झिजलेला. ह्यांनी त्यावर नख फिरवलं आणि हात तिथेच थांबला.

"मीच घातली अशी," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात. सगळं बंद केल्यावर हँडल वळवून ऐकतो मी, नेहमीच. त्या दिवशीही ऐकलं. काही आवाज आला नाही, म्हणून समजलो ठीक आहे."

लेक दारात कधी येऊन उभी राहिली ते मलाही कळलं नाही. सुटं हँडल बघून तोंड उघडलं तिनं, पण नळी बघितल्यावर मिटलं. सायकलीतलं तिला कळतं. उद्याच्या उतारावर किती वेळा ब्रेक दाबायचे तेही तिलाच माहीत. तिनं विचारलं, "कळलं कसं?"

बाबांनी ऐकलं, असं मी सांगणार होते. शब्द ओठांवर आले होते. पण हे आधीच बोलले, तेही नको इतक्या मोठ्यानं. "तुझ्या आईनं ऐकलं. मला ऐकू येत नाही आता. चूक माझी आहे."

तिनं स्टूल घेतलं, वर चढली आणि छताच्या हुकाला टांगलेली ह्यांची जुनी लोखंडी सायकल खाली उतरवली. तिच्या केबल सगळ्या बाहेरून. ती ह्यांच्यापुढे उभी करून त्यांच्या समोर येऊन सावकाश म्हणाली, "ही करून दे. उद्या हीच नेते." ह्यांनी केबल नव्या घातल्या. तिनं प्रत्येक केबल बोटानं चाचपून बघितली, आणि ती चाचपत असताना ह्यांनी मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी यायची वेळ टळून गेली. जुनी सायकल जड, उशीर होणारच, असं मी स्वतःला बजावत होते. फोन लागत नव्हता. ओटा पुसायला गेले नाही. ह्यांच्या शेजारी दारात उभी राहिले आणि कान कोपऱ्याकडे लावला. एक गाडी गेली. कुणाची तरी बादली वाजली. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल.

ह्यांनी रस्त्याकडे बघायचं सोडलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग कोपऱ्यापलीकडून टिकटिक आली. मी काही बोलायच्या आत ते स्टुलावर बसले.