हिरव्या काठाचा फडा

"झगा पसर," गुरुजी म्हणाले.

मी पसरला. त्यांच्या बायकोनं सुपातली ज्वारी ओतली. वरून. आपला हात माझ्या झग्याला लागणार नाही, इतक्या वरून. बरीचशी झग्यात पडली, थोडी पायरीवर सांडली. माझ्या मागं सगळा वर्ग उभा होता.

"सांडलेली पण उचल," गुरुजींची बायको म्हणाली. "कोंबड्या येतात नुसत्या."

मी खाली बसून उचलू लागले. एका हातानं झगा धरलेला, दुसऱ्या हातानं दाणे वेचायचे. तेव्हा पाटलांची सुमन हसून म्हणाली, "गुरुजी, हिची भेट न्हाई, मजुरी हाय की ही!"

सगळे हसले. गुरुजीसुद्धा हसले. ते रागीट नव्हते. मला मारलं नाही, शिवी दिली नाही. वर्गात मी धडा वाचला की "शाब्बास" म्हणायचे. म्हणून तर मी त्या दिवशी तिथं गेले होते.

गाव कुंभार पिंपळगाव. ऐंशी साल उलटून काही वर्षं झाली होती. मी सहावीत होते. दिवाळीची सुट्टी लागायची त्या दिवशी शाळा सुटली की सगळ्या पोरांनी गुरुजींच्या घरी जायचं, अशी रीत होती. घर शाळेला लागूनच. गुरुजी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. एकेकानं पायऱ्या चढून वर जायचं, आणलेली भेट हातात द्यायची, पाया पडायचं. गुरुजी डोक्यावर हात ठेवायचे आणि खडीसाखरेचा खडा द्यायचे. भेट काहीही चालायची. कोणी शेतातली सीताफळं आणायचं, कोणी नारळ, कोणी साबणाची वडी, कोणी रुमाल. एका पोरानं घरचा भोपळा आणला होता. तोही गुरुजींनी दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "वा! आज भोपळ्याचे घारगे."

आदल्या वर्षी मी गेले नव्हते. न्यायला काही नव्हतं. त्या वर्षी मायला सांगितलं.

माय फडे करायची. शहरात ज्याला केरसुणी म्हणतात, त्याला आमच्याकडं फडा म्हणतात. आमचं घर मांगवाड्यात. बाप मी लहान असतानाच गेलेला. गावाला फडे आणि दोरखंड पुरवायचे, हे आमच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम. ओढ्याकाठची शिंदीची पानं तोडून आणायची, वाळवायची, लोखंडी काट्यांनी विंचरून बारीक करायची आणि मूठ वळून घायपाताच्या वाखानं आवळायची. दिवाळीच्या आधी माय घरोघर फडे टाकत जायची आणि सुगीत त्याच घरांसमोर धान्यासाठी सूप घेऊन उभी राहायची.

माय म्हणाली, "गुरुजीला भेट? आपून?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं एक फडा वेगळा काढला. तसा फडा मी तिच्या हातचा कधी पाहिला नव्हता. पानं केसासारखी बारीक. मूठ इतकी घट्ट की नख शिरत नव्हतं. शेवटी तिनं पेटीतून लग्नातलं लुगडं काढलं. ते विरून गेलं होतं, पण काठ शाबूत होता, हिरवा. तो काठ कापून तिनं फड्याच्या मुठीला गुंडाळला आणि टाके घातले. झाल्यावर हातात धरून फिरवून पाहिला.

"बघ," म्हणाली, "हा फडा टाकायचा न्हाई. द्यायचा."

तो घेऊन मी रांगेत सगळ्यात मागं उभी राहिले. माझी पाळी आली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तिथंच थांब," गुरुजींची बायको म्हणाली. "खाली ठेव. पायरीच्या खाली."

मी गुरुजींकडं पाहिलं. म्हणाले, "अगं, फडा तर तुमच्याकडून येतच असतो दिवाळीला. ह्याला भेट म्हणत न्हाईत." मग बायकोला म्हणाले, "थोडी जवारी आणा. रिकाम्या हातानं नको जायला पोरगी."

पुढचं वर सांगितलं आहे.

डोक्यावर हात नाही. खडीसाखर नाही. पाया पडायचंही राहिलं, कारण पाय वर ओसरीवर होते आणि मी खाली दाणे वेचत होते.

घरी आले. मायनं झग्यातली ज्वारी पाहिली.

"ही कशाची?"

"फड्याची."

ती ज्वारीकडं पाहत राहिली. म्हणाली, "म्हंजे घेतली न्हाई त्यांनी."

"घेतला की. पायरीखाली ठेवला."

"फडा घेतला गं. भेट न्हाई घेतली."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. एवढंच कळलं, की मायला त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी काही द्यायचं होतं आणि ते देता आलं नव्हतं. त्या ज्वारीच्या भाकरी झाल्या. भूक होती. मी खाल्ल्या. मायनं खाल्ल्या नाहीत. म्हणाली, पोट जड झालंय.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दुकानातून मीठ आणायला निघाले. वाट गुरुजींच्या घरावरूनच जायची. दार उघडं होतं, ओसरीत पणत्या होत्या. आत पाटावर माझ्या मायचा फडा. त्याला हळद-कुंकू लावलेलं, पुढं लाह्या-बत्तासे. लक्ष्मी म्हणून. गुरुजींची बायको त्याच्यासमोर डोकं टेकवत होती. गुरुजी शेजारी हात जोडून उभे होते, डोळे मिटून.

मुठीचा हिरवा काठ मात्र नव्हता. तो काढून टाकला होता. त्या जागी सुतळी.

काठ मला त्यांच्या घरामागच्या उकिरड्यावर सापडला. चहाच्या पत्तीत भिजलेला. मी उचलला, झग्याला पुसला. घरी मायला दाखवला नाही. दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. वर्षभर तो तिथंच होता. नकाशाची पानं त्याच्या ओलीनं फुगली होती, तरी मी तो हलवला नाही. त्या वर्षी मी कोणाशी फार बोलले नाही. वाचत बसायचे. वाचणाऱ्या पोरीला कोणी काही विचारत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर गुरुजींच्या बायकोनं मला शाळेच्या आडापाशी गाठलं.

"मायला सांग, मागच्यासारखा बारीक फडा पाठव म्हणावं. ते काठ-बिठ नको लावू. कुणाच्या अंगावरचं असतं, काय माहीत."

मायनं फडा केला. बिनकाठाचा. मी तो घेऊन निघाले आणि वाटेत, मारुतीच्या देवळामागं, पुस्तकातला काठ काढून मुठीला बांधला. गाठ नीट बसेना. तीनदा सोडून बांधली.

रांग तशीच. ओसरी तशीच. माझी पाळी आली. मी फडा दोन्ही हातांनी पुढं धरला आणि पायरीखाली उभी राहिले.

"ठेव," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ही भेट हाय. हातात घ्या."

गुरुजींनी चष्मा काढला.

"नाटकं करू नको. ठेव खाली."

"हातात घ्या. न्हाईतर परत नेते."

गुरुजींच्या बायकोचं लक्ष मुठीकडं गेलं. तिनं काठ ओळखला. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

"नेऊन काय करशील?" गुरुजी म्हणाले. आवाज अजून समजुतीचाच होता. "घरी काय कमी फडे हाएत तुमच्या?"

"आमच्या घरी एकबी नवा फडा न्हाई, गुरुजी."

ते खरं होतं. तोंडातून निघाल्यावर मलाच ते पहिल्यांदा कळलं. गावाला फडे देणाऱ्या आमच्या घरात माय बुडख्यानं झाडायची. झिजून उरलेल्या, फेकून द्यायच्या लायकीच्या बुडख्यानं. नवा होईल तो गावाचा.

ते माझ्या हाताकडं पाहत राहिले. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर होते. तिथून ते उठले नाहीत.

मी वळले.

शाळेपासून आमच्या घरापर्यंतची वाट तशी लांब नाही. त्या दिवशी संपेना. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "काय गं, परत आला का फडा? गुरुजीला पसंत न्हाई पडला?"

"फड्याला गुरुजी पसंत न्हाई पडले," मी म्हणाले.

पारावरचं कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. बरोबर कोणी नव्हतं. मागं पाहिलं तर रस्ता रिकामा होता.

मायनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काय केलंस हे? सुगीत कोण दारात उभं करील आपल्याला?" ती चुकीचं बोलत नव्हती. दिवस मावळायच्या आत पाटलांच्या गड्यानं येऊन सांगितलं, की यंदा त्यांच्या खळ्यावर यायची गरज नाही. त्यांचं पाहून बाकीच्या घरांनीही तेच केलं.

माय भिंतीला टेकून बसली. फडा तिच्या समोर. खूप वेळानं तिनं काठाच्या गाठीवरून बोट फिरवलं. "कुठं सापडला?" तिनं विचारलं. मी सांगितलं. सकाळी मला जाग आली ती आवाजानं. माय घर झाडत होती. त्या फड्यानं. हळूहळू, कोपरा न्‌ कोपरा. आमच्या जमिनीवर नव्या फड्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर तिनं कोणाच्या पायरीखाली फडा टाकला नाही. आठवडी बाजारात पोतं अंथरून बसू लागली. ते वर्ष फार वाईट गेलं. नुसत्या अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. बाजारात लोक फडा उचलायचे आणि पैसे पोत्यावर फेकायचे. माय ते उचलायची नाही. तळहात पुढं करायची. "हातात," म्हणायची. एवढा एकच शब्द. काही जण फडा टाकून निघून जायचे. काही जण इकडंतिकडं बघून हातात द्यायचे. त्या हाताच्या जोरावर तिनं मला शिकवलं.

मी मास्तरीण झाले. आता घनसावंगीला असते. भाड्याचं घर, दोन खोल्या, पुस्तकं. मायला इथं आणलं होतं. इथंही ती फडे करायची, बसून राहता येत नव्हतं म्हणून. ह्या भाद्रपदात ती गेली. शाळेतले लोक फाटकापर्यंत आले, "वाईट झालं" म्हणाले आणि गेले. घरात आवाज म्हणून राहिला नाही.

परवा गुरुजी आले.

निवृत्त होऊन परतूरला असतात. इथं कोणाकडं लग्न ठरवायला आले होते, कोणीतरी सांगितलं म्हणून आले. म्हातारे झालेत. मी खुर्ची दिली, चहा केला. "आत्ताच घेतला गं," म्हणाले. कप तसाच राहिला.

"तुझी माय लई चांगली बाई," ते म्हणाले. "दर दिवाळीला न चुकता फडा यायचा आमच्याकडं."

"शेवटचा आला नव्हता, गुरुजी. मी परत नेला होता."

"असं? मला न्हाई बा आठवत."

खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं मी एका अशा माणसाशी भांडत होते, ज्याला भांडण झाल्याचंच माहीत नव्हतं.

त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं मायनं केलेला शेवटचा फडा उभा होता.

"तिच्याच हातचा ना? मंग दे मला. आमच्या हिला बाजारातला बिलकुल आवडत न्हाई. दिवाळी आलीच." त्यांनी खिशाकडं हात नेला. "काय द्यायचं बोल."

"विकायचा न्हाई तो."

"मंग भेट दे. आपल्या गुरुजीला एवढं न्हाई देणार?"

मी उठले. फडा उचलला. खरं सांगते, देण्यासाठीच उचलला. तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. वाटलं, आता घेतील. माय गेली आहे, निदान आता घेतील.

गुरुजींनी दाराकडं बोट केलं. "तिथं चपलांपाशी ठेव. जाताना नेतो."

"न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"न्हाई देणार, गुरुजी."

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. चहावर साय धरली होती. मी तो मोरीत ओतला आणि कप विसळून ठेवला.

उद्या शाळेला सुट्टी लागेल. माझी पोरं काहीबाही आणतील. पेरू, पेन, कोणाच्या घरचं काय, कोणाच्या घरचं काय. मी खुर्चीवर बसणार नाही. उभी राहून, ज्याच्या त्याच्या हातातून माझ्या दोन्ही हातांत घेईन. सगळ्यात मागं उभ्या असलेल्या पोराला आधी पुढं बोलावीन.

आणि मायचा फडा मी पाटावर ठेवणार नाही. त्याला हळद-कुंकू लावणार नाही. आठवण म्हणून भिंतीला टांगणार नाही. कोणी मागितला तर देणार नाही. मुठीला हिरवा काठ मी बांधला आहे, तोच, पत्तीचा डाग पडलेला, इतकी वर्षं जपलेला. उद्या सकाळी त्यानं घर झाडायला काढीन. रोज झाडीन. पानं झिजतील, तुटतील, बुडखा उरेल. उरू दे. तो माझ्या घरात झिजेल.