आधी कॉपी, मग स्क्रू

बाईमाणसं एकटी असलेल्या घरात बखीत एकटा शिरत नाही. ओमानमधल्या आमच्या सलालात कोणीच शिरत नाही. पण बाकीचे कारागीर असल्या घरचं काम सोडून देतात आणि बखीत मला बरोबर घेतो. माझं टायपिंगचं दुकान त्याच्या दुकानाला लागून आहे. साठी उलटलेला, पांढऱ्या दाढीचा, तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून लोकांचे सरकारी अर्ज टाइप करणारा मी. माझ्यावर कोण संशय घेणार? त्यामुळे गेली पंधरा वर्षं अर्ध्या गावच्या बैठकीत बसून मी कॉफी प्यायलोय आणि खजूर खाऊन साखर वाढवून घेतलीय. "उस्ताद, चला, तुमची गरज आहे," असं तो म्हणतो. गरज माझी नसते, माझ्या दाढीची असते.

बखीत बिन आमर चाळिशीचा आहे. उंच, सावळा आणि बोलायला महाकंजूस. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुकानात आणलेलं मशीन त्याला आवडत नाही. म्हणतो, माणूस दवाखान्यात गेला की खोकला थांबतो, तसं यांचंही असतं. घरी गेल्यावर तो आधी मशीनला हातच लावत नाही. बसतो, कॉफी घेतो आणि विचारतो, "कधी बंद पडतं? त्या वेळी घरात काय चाललेलं असतं? माझ्याआधी कोणी हात लावला?" लोकांना वाटतं हा वेळ काढतोय. मलाही पहिली दोन वर्षं तेच वाटायचं.

एका खजूरवाल्याच्या मशीनवर एकही वेबसाइट उघडेना. दोन कारागिरांनी इंटरनेटच्या नावाने बोटं मोडली. बखीतने कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. मशीनच्या मते साल तेरा वर्षांपूर्वीचं होतं. आतली गोल बॅटरी मेली होती, तारीख मागे गेली होती आणि एवढ्या जुन्या तारखेमुळे मशीन कुठल्याच वेबसाइटवर विश्वास ठेवेना. बॅटरी बदलली, तारीख लावली, उठला. दुसऱ्या एका घरी पासवर्ड चालत नव्हता म्हणून नवराबायको आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. कीबोर्डवरचं मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलं होतं. ते त्याने नुसतं बोटाने दाखवलं. भांडण कोण मिटवणार हा प्रश्न मात्र त्यांचा होता.

त्याची अट एकच. स्क्रू काढण्याआधी मशीनमधल्या सगळ्याची कॉपी काढायची. "या डब्यात असं काय आहे जे पुन्हा मिळणार नाही?" हे तो प्रत्येकाला विचारतो. साधा पंखा पुसायचा असला तरी विचारतो. मी कितीदा चिडलोय. पाच मिनिटांच्या कामाला दोन तास घालवायचे, वर खजूर खायचे!

थुमना माझ्याकडे आली ती वडिलांच्या शब्दसंग्रहाची पानं तपासणीसाठी छापून घ्यायला. शाळेत शिकवणारी, तिशीची, चष्म्याची मुलगी. तिचे वडील मुहाद यांनी अकरा वर्षं बसून जबाली बोलीतले शब्द गोळा केले होते. ही आमच्या मागच्या डोंगरातली बोली. बोलणारे पुष्कळ, लिहिणारा कोणी नाही. गाईंच्या रंगांची नावं, गवतांची नावं, धुक्याचे प्रकार. चार हजारांवर शब्द, आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणाकडून मिळाला त्या माणसाचं पूर्ण नाव. अमक्या गुराख्याकडून, तमक्या आजीकडून. मुहाद दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटची तपासणी थुमना करत होती आणि छापखाना फाइलची वाट बघत होता.

"पण मशीन वीस मिनिटांत काळं होतं, उस्ताद," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. शेजारचे काका सोबतीला बसवून तीन जण येऊन गेले. ते सकाळी आले की चालतं. तिघांनीही हात टेकले आणि म्हणाले, सगळं पुसून नव्याने भरा."

"मग फाइल?"

"तीच तर. दुसरीकडे कुठे नाहीच आहे. आई घराबाहेर नेऊ देत नाही. कोणी एक शहाणा आला होता, 'मला द्या, मी छापतो' म्हणत. स्वतःच्या नावावर छापणार होता. तेव्हापासून आईने कानाला खडा लावलाय. या पानांसाठीसुद्धा चार दिवस भांडले मी. एका वेळी दहाच पानं आणायची, छापली की इथली पुसायची आणि कागद मोजून परत न्यायचे."

मी भिंतीवर थाप मारली. बखीत आला, ऐकलं आणि म्हणाला, "सकाळी नाही येणार. बंद पडतं तेव्हा येईन."

आम्ही दुपार कलल्यावर गेलो. दार उघडं ठेवलं होतं. थुमनाची आई तुफूल खाला बैठकीत भिंतीला टेकून बसली होती. सत्तरीची, किरकोळ अंगाची. पण आवाज असा की बाहेर रस्त्यावरचा उंट थांबावा.

"आमरचा पोरगा ना तू? बाप तुझा बडबड्या होता. तू मुका का?"

"काम बघायला आलोय, खाला."

"काम कसलं बघतोस? नजर लागलीय त्याला. माझा नवरा मोठं काम करून गेला, ते लोकांच्या डोळ्यांत सलतं."

मशीन एका लाकडी कपाटाच्या खालच्या खणात होतं, पुढे भरतकामाचा पडदा. वर स्क्रीन आणि समोर मुहादांची खुर्ची. त्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं. थुमना शेजारी स्टूल ओढून, अंग तिरकं करून टाइप करायची. बखीतने मशीन चालू करायला सांगितलं आणि तो भिंतीला टेकला. मशीन छान चाललं. एसी चालू होता, मी चौथा खजूर घेतला.

सूर्य बुडाला, मगरिबची नमाज झाली. तुफूल खाला उठली. तिने खिडक्या लावल्या, एसी बंद केला आणि आतून धुपाटणं आणलं. निखाऱ्यावर लोबानाचे खडे तडतडत होते. तिने सगळ्या खोलीत धूर फिरवला, खुर्चीभोवती फिरवला, मग पडदा बाजूला करून धुपाटणं खालच्या खणात, मशीनला अगदी लागून ठेवलं आणि पडदा ओढून घेतला.

"हे रोज?" बखीतने विचारलं.

"तो लिहायला बसला की मी रोज इथे ठेवायचे. त्याला हा वास लागायचा. हे मशीन बिघडायला लागल्यापासून तर एका संध्याकाळी तीनदा ठेवते. त्याशिवाय दृष्ट उतरेल का?"

अठराव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. "बघ!" खाला म्हणाली, जणू पैज जिंकली.

बखीतने धुपाटणं बाहेर काढलं, डब्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मागच्या जाळीला नाक लावून वास घेतला. त्याने स्वतःशीच मान हलवली, त्यावरून त्याला कळलं होतं हे मला समजलं.

"खाला, हे उघडावं लागेल. थंड झालं की आधी चालू करू, मी मुहाद काकांच्या फाइलची कॉपी काढून देतो. मग उघडतो."

त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. खालाचा चेहरा बदलला.

"माझ्या नवऱ्याची अकरा वर्षं तुझ्या खिशात जाणार?"

"तुमच्या खिशात राहील. मी नेत नाही."

"नाही. एक होतं तिथे दोन झाली की तिसरं कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. नुसतं उघड आणि नीट कर."

"मग मी उघडणार नाही," असं म्हणून बखीतने बॅग बंद केली.

"भित्रा! डोंगरातल्या बाईचा मुलगा ना तू?"

मला राग आला. खालाचाही आणि त्याचाही. पंखा पुसायचा होता, दुसरं काय? मी त्याच्या कानात म्हटलं, "अरे, काढ ना स्क्रू. एवढा कसला हट्ट?"

तो उठलेला परत बसला आणि कोणाकडेही न बघता बोलू लागला. पंधरा वर्षांत मी त्याच्या तोंडून एवढी वाक्यं सलग ऐकली नव्हती.

"मी नवीन शिकलो होतो, खाला. माझ्या मोठ्या भावाचं मशीन संथ चालायचं. तो म्हणाला, बघ जरा. मी तुमच्या त्या तिघांसारखाच होतो. सगळं पुसलं, नव्याने भरलं. वाऱ्यासारखं पळायला लागलं. मी खूश. भावाने आल्या आल्या विचारलं, आईचा फोटो कुठे ठेवलास?"

खाला पुढे सरकून बसली.

"आमच्या आईने जन्मात एकच फोटो काढू दिला होता. भावाने हातापाया पडून काढला होता, गोठ्याच्या दारात. ती गेल्यावर तेवढाच उरला होता. मला माहीतच नव्हता. मी विचारलंच नव्हतं."

"भाऊ काय म्हणाला?" खालाने विचारलं.

"काही नाही. अजूनपर्यंत काही नाही म्हणाला. गिऱ्हाइकंसुद्धा पाठवतो. मला आईचं नाक आठवतं, हात आठवतात. डोळे आता नीट आठवत नाहीत."

मला माझ्या सगळ्या चिडचिडीची लाज वाटली. दर वेळी दोन तास फुकट गेले म्हणून मी कुरकुरलो होतो, आणि हा माणूस प्रत्येक घरात जाऊन तोच एक प्रश्न विचारत होता, जो त्याने स्वतःच्या घरात विचारला नव्हता.

तुफूल खालाने धुपाटण्यातले विझत आलेले निखारे हलवले. मग म्हणाली, "एक नको. तीन काढ. एक मला, एक थुमनाला आणि एक तू ने. या घराला आग लागली तर?"

मशीन थंड झालं, चालू झालं, बॅगेतून आणखी दोन पेन ड्राइव्ह आले, तीन कॉप्या निघाल्या. बखीतने तिन्ही उघडून शेवटचं पान दिसतं का ते पाहिलं. मग मशीन बंद करून वायर काढली आणि स्क्रू काढले.

आतला पंखा ओळखू येत नव्हता. पात्यांवर काळा, चिकट थर चढला होता, वर धूळ आणि आमच्या पावसाळी धुक्याचा ओलावा बसून त्याचं डांबर झालं होतं. खोलीभर लोबानाचा वास सुटला. कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

"म्हणजे मीच?" खालाने विचारलं. आवाज पहिल्यासारखा नव्हता. "मी त्याला जपत होते."

मला वाटलं, आता हा काहीतरी गोड बोलेल. धूळ, हवा, जुनं मशीन, कशावरही ढकलता आलं असतं.

"हो, खाला," बखीत म्हणाला. "गार राहायला ते हवा आत ओढतं. हवेबरोबर धूर आत गेला. पंखा जड झाला. तापलं की जळू नये म्हणून ते स्वतःच बंद पडायचं. सकाळी धूर नसायचा, एसी असायचा, म्हणून चालायचं. आत काही मेलेलं नाही. धुपाटणं यापुढे अंगणात ठेवा."

थुमनाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. बखीतने वर्तमानपत्र पसरलं आणि स्पिरिट, ब्रश, लाकडी काडी घेऊन एकेक पातं खरवडायला बसला. काळे पापुद्रे कागदावर पडत होते. एक तास गेला. खजूर संपले.

खालाने हात लांब करून एक पापुद्रा उचलला, बोटांत चुरला, हुंगला. "थुमना, धुपाटण्याच्या काठाला अशीच खपली धरते. तिला आपल्या बोलीत काय म्हणतात?"

थुमनाला सांगता येईना. "बाबांच्या यादीत असेल."

"नसणार. धुपाटणं खरवडलंय कधी त्याने? अकरा वर्षं माझ्या हातचा धूर घेतला आणि मला एक शब्द विचारला नाही. गुराख्यांना विचारत डोंगर पालथा घातला!" ती रागावली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता मला तरी कुठे आठवतोय. तोंडाशी येतोय नुसता."

पंख्यावर झुकलेली मान वर न करता बखीतने एक शब्द उच्चारला.

तो मला इथे लिहिता येत नाही. त्यातला मधला आवाज गालाच्या कडेने काढतात, तो आपल्या अक्षरांत मावत नाही.

"तोच!" खालाने मांडीवर हात मारला. "तुला रे कसा ठाऊक?"

"आई मला धुपाटणं खरवडायला बसवायची. दर गुरुवारी. नीट नाही केलं की हाच शब्द घेऊन ओरडायची, अजून राहिलंय, अजून राहिलंय."

पंखा बसला, झाकण लागलं, मशीन चालू झालं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, खोकला नाही. खालाने बघितलं, उठली आणि सरळ जाऊन मुहादांच्या खुर्चीत बसली. "सरकव ते स्टूल जवळ," ती मुलीला म्हणाली. "छापखान्याला सांग, थांबा म्हणावं. चुलीचे, दुधाचे, बाळंतिणीचे सगळे शब्द राहिलेत. हा आधी घे."

थुमनाने शब्द घातला, अर्थ घातला. मग शेवटचा रकाना आला तशी ती थांबली आणि बखीतकडे वळली. "कोणाकडून मिळाला? तुमच्या आईचं पूर्ण नाव सांगा."

बखीतने हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. "खियार," तो म्हणाला. "खियार बिन्त सईद."

तिने टाइप केलं. तो वाकून ते नाव बघत राहिला, एकेक अक्षर. मग त्याने तिन्ही पेन ड्राइव्ह मागून घेतले आणि सगळ्या कॉप्या पहिल्यापासून पुन्हा काढल्या.