मोरे प्लेन्समध्ये ऐकलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अख्खं करिअर गेलंय. आधी पुरावा दाखवा, मग बोला — हा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहितानाही थोडं अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही सिंगापूरला बेडोकमध्ये राहतो — मी, नवरा अभिजित आणि सासूबाई; त्यांना मी आईच म्हणते. गेल्या वर्षी आईंना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात-पाय हळूहळू सावरला, पण वाचा गेली. मनाली ते लेह सायकल टूर मी कधीची ठरवली होती. ती रद्द करायला निघाले, तर आईंनी माझं हेल्मेट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. जा, म्हणून मान हलवली.

देवदारांच्या जंगलातले चढ छान पार पडले. पुढे झाडंच संपली आणि लागलं मोरे प्लेन्स — उंचावरचं सपाट, वैराण वाळवंट. दुपारी समोरून वारा सुटला. ग्रुप पुढे गेलेला, सपोर्टची गाडी मागे कोणाच्या तरी पंक्चरसाठी थांबलेली. विरळ हवेने माझं डोकं ठणकत होतं. सायकल टाकून रस्त्याकडेला बसले... आणि कलंडलेच. सगळा त्रास एकदम थांबला. इतकी गोड झोप येत होती!

"मानसी, ऊठ. इथं झोपायचं नाही गं."

आईंचा आवाज. अगदी कानाशी. आजारपणाआधीचा, ठसकेबाज. सवयीने "हो आई" म्हणत मी उठून बसलेसुद्धा! आजूबाजूला कोणी नाही... तेवढ्यात लांबून गाडी दिसली. मी हात हलवला. आडवी असतीस तर त्या धुळीत दिसली नसतीस, असं ड्रायव्हर नंतर म्हणाला. ऑक्सिजन लावून त्यांनी मला लेहला पोचवलं.

दुसऱ्या दिवशी तिथून फोन केला, तर मी काही सांगायच्या आतच अभिजित रडायला लागला.

"अगं, आई बोलली! काल दुपारी, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी चालू असताना. व्यायामाच्या सायकलवर पेडल मारता मारता थांबली आणि..."

"काय म्हणाल्या?"

"तुझं नाव घेतलं. ऊठ म्हणाली, इथं झोपायचं नाही म्हणाली. मानसी... तू बरी आहेस ना?"

डॉक्टर म्हणतात, वाचा अशी अचानक परत येऊ शकते. येत असेल. पण नेमके तेच शब्द?

घरी आल्यावर आईंना विचारलं. आता त्या तुटक तुटक बोलतात.

"किती वारा होता गं..." एवढंच म्हणाल्या आणि दोन्ही तळहातांनी माझे कान झाकून घेतले.

वाऱ्याबद्दल मी घरात कोणाशी बोलले नव्हते. हे कसं झालं, मला आजही माहीत नाही. त्या वेळी आणखी काही विचारावंसंही वाटलं नाही... मी तशीच बसून राहिले, त्यांचे ऊबदार हात कानांवर घेऊन.