पॉकेटपाशी उभे राहणारे चाचा

पडेगावच्या पूल-बिलियर्ड्सच्या पार्लरला मालकानं यंदा झुंबर लावलं, सोफे आणले आणि पाटीवर नावापुढे 'इंटरनॅशनल' लिहून घेतलं. टेबलाच्या एका कोपऱ्यातल्या पॉकेटचं रबर मात्र कधीच गळून गेलं होतं. तिथे पडणारा बॉल थेट उघड्या लोखंडावर आदळायचा.

तिथे साठीतले एक गृहस्थ यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत; नाव मला कधी कळलं नाही. गुलमंडीतलं त्यांचं स्वतःचं पार्लर बंद पडलं, तेव्हा बॉलचा एक संच तेवढा त्यांनी ठेवून घेतला होता. इथले बॉल टवके उडालेले, म्हणून चाचा आपलेच आणत. त्या पॉकेटमध्ये आधी जुना मोजा कोंबत, पण तो जागेवर राहील याचा भरवसा नसे. दुसऱ्याची पाळी आली की बसायचे, उठायचे, टेबलाभोवती फिरायचे. ते खेळायला येत की राखणीला, हे मला ठरवता आलं नाही.

एकदा त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्या पोरगेल्या वकिलानं जोरात फटका मारला. मोजा निसटलेला पाहून चाचांनी पॉकेटमध्ये हात घातला. बॉल त्यांच्या बोटांवर आदळला.

"चाचा, फाउल!" वकील ओरडला. मग रक्त पाहून वरमला. "एवढं जपायचं तर घरीच ठेवा ना."

सोफ्याला डाग पडू नये म्हणून मालक टॉवेल घेऊन धावत आला.

चाचा बॉल झुंबराखाली फिरवून पाहत होते. "घरी ठेवायला ते काय दागिने हाएत? बोटाला नवी चामडी येती, बेटा. ह्याला नाय येत."

बॉल शाबूत होता. तो टेबलावर ठेवून ते पुन्हा त्याच पॉकेटपाशी जाऊन उभे राहिले.

"हं, मार," म्हणाले. "जरा हळू."