शंभर टक्क्यांतली मी

"ल्युपस नेफ्रायटिस," डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा बघून लगेच त्यांनी सोपं करून सांगितलं. "शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा तुमच्या स्वतःच्याच किडनीवर उलटलीय."

परळच्या हॉस्पिटलात नंबर लागायला अर्धा दिवस गेला होता. पाय सुजतात आणि लघवीला फेस येतो, एवढीच तक्रार घेऊन मी गेले होते. मी अकाउंट्सला आहे, दिवसभर खुर्चीत असते, त्यामुळे पाय बसून बसूनच सुजत असतील अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आधी स्टिरॉइड्स झाली. माझा चेहरा पुरीसारखा फुगला, किडनी मात्र ढिम्म. मग 'रिटक्सिमॅब' नावाचं औषध सलाइनमधून दिलं. रक्तात 'बी सेल्स' असतात, म्हणजे रोगाशी लढणारी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी. हे औषध त्या पेशीच काही महिन्यांसाठी जवळपास पुसून टाकतं.

कोविडची लस तेव्हा नुकतीच आमच्या वयाच्या लोकांना मिळू लागली होती. घेऊ का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता घेतलीत तर फुकट जाईल. तिला दाद द्यायला शरीरात कोणी शिल्लकच नाही. मी सांगेन तेव्हा घ्या. तोवर आजूबाजूच्यांनी घेतलेली लस हीच तुमची लस." हे माझ्यापुरतं होतं. तुमच्यावर असा प्रसंग आला तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझं वाचून थांबू नका.

नेमका तेव्हाच आमच्या ऑफिसला शिस्तीचा झटका आला. दोन्ही डोस घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही, घरून कामही नाही, बिनपगारी रजा. आणि रजा लांबली तर नोकरी जाणार. माझं सगळं औषधपाणी ऑफिसच्या विम्यावर चाललं होतं. नोकरी गेली असती तर विमा गेला असता, आणि मग किडनीचं काय, हे कोणी वेगळं सांगायला नको होतं.

मी डॉक्टरांचं पत्र एचआरच्या साक्षी मॅडमना दिलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर दोनच पर्याय होते, 'घेतली' आणि 'नकार'. "तुम्हाला तूर्तास नकारमध्ये टाकते हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. मी नकार दिलेला नाही, मला थांबायला सांगितलंय, हे मी त्यांना फोनवर, मेलवर आणि समोर बसून सांगितलं. दर वेळी तेच गोड "हं".

त्यात भर म्हणजे ऑफिसातल्या लसविरोधकांनी मला परस्पर त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. रोज सकाळी 'ताई, लढत राहा' आणि खाली लशीबद्दल एकेक अचाट व्हिडिओ. अरे बाबांनो, तुम्ही घेतलीत तर मी जगेन, हे ह्यांना कोणी सांगायचं? मी एकदा तसं लिहिलं, तर त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. तेवढीच शांतता.

ह्या सगळ्यात माझी बाजू घेणारे एकच, नार्वेकर काका. ॲडमिनला आहेत, निवृत्तीला आलेले, मूळचे मालवणचे, राहायला लालबागला. माझ्या शेजारचं टेबल त्यांचं. दुपारचा डबा आम्ही कित्येक वर्षं एकत्र खातो.

ऑफिसच्या तळमजल्यावर लसीकरणाचं शिबिर झालं. त्याच्या याद्या काकांकडे होत्या. त्या दिवशी मी घरी पडून होते आणि मोबाईलवर मेसेज आला, लस घेतल्याबद्दल अभिनंदन! लगेच काकांचा फोन. "बाय, तुझं काम करून टाकलं. ऑपरेटरला म्हटलं, मॅडम येतायत खाली, तू एन्ट्री मारून ठेव. दुसऱ्या डोसचंही बघतो मी."

मी फोनवर किंचाळले. त्यांना वाटलं, आनंदाने.

दुसऱ्या डोसची एन्ट्रीही त्यांनी तशीच करून टाकली. मी साक्षी मॅडमना सांगितलं, मी लस घेतलेली नाही, ही नोंद चुकीची आहे. त्या म्हणाल्या, "ताई, सिस्टिमवर तुम्ही ग्रीन आहात. आता कशाला उकरून काढता?" लॉबीत बोर्ड लागला होता, 'आपण शंभर टक्के सुरक्षित'. पेढे वाटून झाले होते. त्या शंभर टक्क्यांत मी होते! आता ते लशीचं सर्टिफिकेट काय किडनीला नेऊन दाखवू?

तरी मी कामावर गेले. रजा संपली होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, बाकीच्यांनी घेतली असेल तर मास्क लावून जा. मी सोडून बाकीचे सगळे खरे आहेत, ह्या भरवशावर मी रोज त्या बोर्डाखालून आत जात होते. मास्क काढायचे ते फक्त काकांसोबत डबा खाताना.

काही महिन्यांनी रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "आता घ्या." मी त्याच दिवशी केंद्रावर गेले. तिथल्या बाईंनी स्क्रीन बघितला. "तुमचे दोन्ही झालेत. पुढच्यांना येऊ द्या."

मी तरातरा काकांच्या टेबलापाशी गेले आणि त्यांना फैलावर घेतलं. तुमच्या एका शब्दावर त्या ऑपरेटरने एन्ट्री केलीच कशी?

काका खाली बघत म्हणाले, "आधी माझी केली होती ना तशीच. म्हणून तो ऐकायचा."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"माका भीती वाटली गो," ते म्हणाले. "हृदयात दोन स्प्रिंगा, वर रक्त पातळ करूची गोळी. सुई टोचल्यावर रक्त थांबला नाय तर? मॅडमक विचारलंय, तर इंग्लिशमधली लिंक धाडल्यान."

मी खूप बोलले. रडलेसुद्धा. मला काही झालं नाही ते निव्वळ नशीब.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं बघितली. "खुशाल घ्या. सुई काढल्यावर जागा थोडा वेळ दाबून धरा, एवढंच." एवढंच! हे एवढंच सांगायला ऑफिसात एक माणूस नव्हता. पेढे आणायला होता.

तिथून काका सरळ साक्षी मॅडमकडे गेले आणि दोघांच्या नोंदी खोट्या असल्याचं सांगून आले. मी म्हटलं होतं, नोकरी जाईल. त्यांची नोकरी राहिली, पण मेमो मिळाला. लॉबीतला बोर्ड निघाला, तिथे कुंडी आली. नोंदी रद्द करून घ्यायला आम्ही इतक्या चकरा मारल्या की शेवटी वॉचमन आमच्याकडे बघून मान हलवायचा.

माझ्या गोळ्या अजून चालू आहेत, किडनी शाबूत आहे. त्यासाठी डॉक्टरांचे, नर्सबाईंचे आभार मानावे तेवढे थोडे.

लस आम्ही एकाच दिवशी घेतली. काकांनी डोळे गच्च मिटले होते. नंतर थोडा वेळ थांबायला सांगतात, तिथे मी बसले आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली. ते बसले नाहीत. मास्क नाकावर घट्ट ओढला आणि दोन खुर्च्या सोडून तिसरीवर जाऊन बसले, दंड दाबून धरून.

"लागू पडाक पंधरा दिवस लागतत म्हणे," ते तिथून म्हणाले. "तोवर मी हयच बरो."