आईची बसायची जागा

डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा आई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली होती. 'ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर' हे त्या आजाराचं नाव. म्हणजे मूत्राशय पूर्ण भरायच्या आधीच आकुंचन पावतं, घाई लागते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत थोडी लघवी होऊन जाते. आई सगळं ऐकत होती, पण नजर मांडीवरच्या पिशवीवर. निघायला म्हणून उठली तेव्हा खुर्ची ओली होती.

मला काय करावं सुचेना. डॉक्टरबाईंनी खणातून टिश्यू काढले, औषध कधी घ्यायचं ते सांगत सांगत स्वतःच खुर्ची पुसली आणि टिश्यू कचऱ्याच्या डब्यात टाकले. आवाज जराही बदलला नाही. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "शिरू, घरी कल्पनाला सांगू नकोस."

कल्पना माझी बायको. ती शाळेत शिकवते. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालोय, त्यामुळे दिवसभर आईजवळ मीच असतो. हिमायतनगरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात आम्ही तिघंच. आई एक्क्याऐंशीची. तीही शिक्षिका होती. चाळीस मुलींच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प करणारी बाई मुलासमोर ओली साडी लपवू लागली होती, आणि मी ते न दिसल्यासारखं करत होतो.

कल्पनाला सांगायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात सोफा तीनदा ओला झाला. आम्ही नुकतंच त्याचं कापड बदललं होतं. पहिल्यांदा मी फिनेल टाकून घासला. आता सांगतो, तसं कुणी करू नका. घासल्यानं ओल फोममध्ये आणखी खोल जाते, आणि फिनेल व लघवी मिळून जो वास येतो तो दारातूनच कळतो.

मग मी बेगम बाजारात गेलो आणि जाड, पारदर्शक प्लास्टिक कापून आणलं. सोफा, दोन्ही खुर्च्या, आईची गादी, सगळं गुंडाळून कडेनं चिकटपट्टी मारली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

संध्याकाळी आई हॉलमध्ये आली. बसली तसं प्लास्टिक करकरलं. ती जरा सरकली, पुन्हा करकरलं. दोन मिनिटांत उठली आणि आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तिसऱ्या दिवसापासून खोलीबाहेर येईना.

रोज चार वाजता खालच्या मजल्यावरच्या शाहीन आपा चहाला येतात. या दोघींची तीस वर्षांची सवय. एकीची दखनी, दुसरीची मराठी, आणि दोघींना सगळं कळतं. आईनं मला आतूनच सांगितलं, "झोपलेय म्हण." मी तसं म्हटलं. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी आपा आल्या नाहीत.

आईनं पाणी पिणंही कमी केलं होतं. तांब्या भरलेलाच राहायचा. मी पाहत होतो, पण सोफा कोरडा आहे याचंच मला समाधान वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते.

पंधरवड्याच्या आत तिला ताप भरला. सकाळी चहा घेऊन गेलो तर तिनं मला बाबांच्या नावानं हाक मारली. बाबांना जाऊन नऊ वर्षं झालीत. मी आणि कल्पनानं तिला धरून लिफ्टनं खाली नेलं आणि रिक्षानं हॉस्पिटल गाठलं.

रक्त, लघवीची तपासणी, सोनोग्राफी. वेटिंग रूममध्ये भिंतीवरचा टीव्ही आवाज बंद करून चालू होता, तो आम्ही दोघं तीन तास पाहत राहिलो. निदान झालं 'यूटीआय', म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. आणि त्यातून 'डिलिरियम'. वयस्कर माणसाला संसर्गामुळे असा अचानक भ्रम होतो. तो बहुतेक वेळा ओसरतो, पण वाट पाहणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवणं कठीण जातं.

चार दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक चाललं. तिसऱ्या दिवशी आईनं मला नीट ओळखलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "अम्मा, पाणी का सोडलं होतं?"

आई सरळ म्हणाली, "सोफा खराब होतो."

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. रागावले नाहीत. म्हणाले, "पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, घाई आणखी वाढते आणि संसर्गाला वाट मिळते. फर्निचर जरूर सांभाळा. पण अशा पद्धतीनं सांभाळा की त्यांना घरात बसावंसं वाटेल."

मी मान डोलावली. घरी येऊन कल्पनाला म्हटलं, "आई परत यायच्या आत हे सगळं प्लास्टिक निघालं पाहिजे." तिनं कात्री आणली. चिकटपट्टी ओढताना नव्या कापडाचे धागे निघाले. निघू दिले.

त्यानंतर मी हे काम ऑफिसातल्या फायलीसारखं हातात घेतलं. पुन्हा बेगम बाजार. या वेळी लहान बाळांच्या गाद्यांवर घालतात ते कापड शोधलं, वरून टॉवेलसारखं मऊ आणि खालून पाणी न झिरपणारा पातळ थर. दाबून, चोळून पाहिलं, आवाज येत नाही ना. दुकानदार हसला, म्हणाला, "साब, कपडा ले रै या बाजा?" पण दहा गठ्ठे उघडून दाखवले त्यानं.

त्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि सोफ्याच्या उशा त्यांत घातल्या. त्यावर पूर्वीचंच कापड, चेन लावून. बाहेरून काही कळत नाही. त्यावर बसायच्या जागी पाणी शोषणारं, धुता येणारं जाड पॅड, आणि पॅडवर आईच्याच जुन्या सुती साड्यांची चौकोनी गोधडी. अशा गोधड्या मी एक नाही, सहा केल्या. माझ्या खुर्चीवर एक, कल्पनाच्या खुर्चीवर एक, आलेल्या माणसाच्या जागेवरही एक. आईची वेगळी जागा घरात ठेवायचीच नाही, असं आम्ही ठरवलं.

सर्वांत मोठी गोष्ट फिजिओथेरपिस्टनं दाखवली. आई घरी परतल्यावर ती आली आणि तिनं आईला सोफ्यावर बसवून उठायला सांगितलं. आई तीनदा पुढे झाली, तीनदा मागे पडली. "सोफा फार खाली आहे," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "घाई लागल्यावर यांचा अर्धा वेळ उठण्यातच जातो." मी इतके दिवस कापडाकडे पाहत होतो! सुताराला बोलावून पायांखाली चार बोटं उंचीचे ठोकळे पक्के बसवून घेतले. बाथरूमच्या वाटेतलं टीपॉय हलवलं. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. दर दोन तासांनी, घाई लागो न लागो, बाथरूमला जायचं ठरवलं. फोनचा गजर आईला अपमानाचा वाटला, म्हणून मीच म्हणायचो, "आई, चल, जरा पाय मोकळे करू."

एवढं होऊनही आई हॉलमध्ये बसायला येईना. गोधडी पाहिली, उचलून खालचं पॅड पाहिलं आणि म्हणाली, "मला कळत नाही होय रे?"

तेव्हा मी खाली गेलो आणि शाहीन आपांना सगळं खरं सांगितलं. आईला न विचारता. ते चूक की बरोबर, अजून ठरवता येत नाही. आपा ऐकून चिडल्या. "तू मेरे कू झूट बोला रे? सो रई बोलके?" आणि चप्पल घालून तरातरा जिना चढल्या.

थेट आईच्या खोलीत गेल्या आणि पलंगावर बसल्या. "मास्टरनी, मेरे कू तीन साल से होरा. अब्बी बी पॅड पेहेनके बैठी हूं. पूछो."

आई बघतच राहिली. "तुम्हालासुद्धा? कधी बोलला नाहीत!"

"तुम कब बोले?" आपा म्हणाल्या. "चलो, बाहर बैठेंगे. चाय इधर नक्को."

मी चहा टाकायला गेलो. दहा मिनिटांनी हॉलमधून दोघींचा आवाज आला. कुठलं पॅड मांडीला घासतं, कुठलं बरं, अशी चर्चा चालली होती. मी ट्रे घेऊन दारातच थांबलो. मला आत जायची घाई नव्हती.

आजार गेलेला नाही. गोळीनं घाई कमी झाली, पण आठवड्यातून एखाद्या वेळी होतंच. मग कोरड्या टॉवेलनं दाबून टिपायचं, साबणाच्या गार पाण्याचा फडका फिरवायचा, पंखा लावायचा, गोधडी बदलायची. एकदा ओल चेनमधून आत गेली आणि एका उशीवर डाग राहिलाय. कल्पना म्हणते, राहू दे.

गेल्या महिन्यात गौलीगुड्याला माझ्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं होतं. जायचं की नाही, यावर आईचा दोन दिवस विचार चालला होता. शेवटी म्हणाली, "जाऊ." पिशवीत पॅड, गोधडी आणि एक परकर तिनं स्वतः भरला. तिथं यजमानांचा मखमली सोफा होता. आईनं सगळ्यांसमोर आपलं पॅड अंथरलं, वर गोधडी घातली आणि बसली. पाळणा म्हटला, चार कडवी, एकही शब्द न चुकता.

शेजारी बसलेल्या एका आजींनी हळूच विचारलं, "हे काय हो घातलंत?"

आईनं हळू उत्तर दिलं नाही. वर्गात बोलायची तशी बोलली. "लघवी आवरत नाही मला, त्यासाठी. तुम्हाला हवंय का? माझ्या मुलाला विचारा, त्याला सगळं माहीत आहे."

मग त्या आजी माझ्याकडे वळल्या. त्यांच्या मागच्या दोघीही जवळ सरकल्या. मी खिशातलं पेन काढलं आणि कागद शोधू लागलो.